नांदायला लावणारा कायदा मुळात कुणाचा?

भाचीने सासर सोडलं आणि महिनाभरात वकिलाची नोटीस आली, नांदायला या. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "इंग्रजी कादंबऱ्या वाचून मुलींची डोकी फिरलीत." मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्रॉन्टे बहिणींचं गाव हॉवर्थ इथून जवळच, म्हणून काकांना त्यांच्यातल्या धाकटीची कादंबरी सांगावीशी वाटते.

अ‍ॅन ब्रॉन्टेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' 1848 ची. तिच्यातली हेलन दारुड्या, बाहेरख्याली नवऱ्याच्या घरातून मुलाला घेऊन पळायचं ठरवते. चित्रं विकून पोट भरायचं. नवरा तिची डायरी हिसकावून वाचतो आणि तिचं चित्रकलेचं सामान आगीत टाकतो. त्या काळी बायकोची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याचीच होती; ते बदलायला 1870 उजाडलं. हेलन तरीही पळते. पुढे तो अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याचं करायला ती परत जाते. 'शेवटी गेलीच ना!' म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग नीट वाचावा. मुलगा आपल्याच ताब्यात राहील अशा कागदावर ती त्याची सही घेते, विश्वासू मोलकरणीला साक्षीला उभी करते आणि मगच पोराला त्याच्यापुढे आणते. परत जाणं असावं तर असं, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अटींवर.

उलट बायकोला कोर्टातून नांदायला लावायची रीतच इंग्रजांच्या चर्चच्या कोर्टांतली. लहानपणी लग्न लावलेल्या रखमाबाईंनी नांदायला नकार दिला आणि नवऱ्याने दावा लावला. त्या खटल्यात 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी हे स्पष्ट सांगितलं होतं की असा दावा हिंदू कायद्यात नव्हताच. तो निकाल पुढे फिरला. 1887 मध्ये हुकूम झाला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या, आणि 'केसरी' त्यांच्यावर तुटून पडला. खुद्द इंग्लंडने मात्र ही तुरुंगाची शिक्षा 1884 मध्येच काढून टाकली होती! अखेर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला येऊन डॉक्टर झाल्या.

इंग्लंडने 1970 च्या कायद्याने असे दावेच बंद केले. आपल्या हिंदू विवाह कायद्यात नांदायचा दावा करू देणारं कलम 9 अजून आहे, आणि ते जायलाच हवं. ते नवरा-बायको दोघांनाही खुलं आहे हे खरं. पण बायकोने पोटगी मागितली की उत्तरादाखल नांदायचा दावा कसा येतो, हे फॅमिली कोर्टाची पायरी चढलेल्या कुठल्याही बाईला विचारा.