आराखडा करा, पण पहिला खर्डा संपल्यावर

कादंबरी लिहायला घेतलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न निघतोच: सगळं आधी ठरवून लिहायचं, की सुचेल तसं? माझं मत ठाम आहे. पहिला खर्डा सुचेल तसा लिहावा. आराखडा जरूर करावा, पण तो खर्डा हातात आल्यावर.

माझ्या कादंबरीत एका ठिकाणी बहीण भावाला माफ करणार, असं कागदावर ठरलेलं होतं. तो दारात उभा, ती आतून येते, आणि तिच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य खोटं वाटू लागलं. वडिलांच्या आजारपणाचा भाग तिच्या बाजूने लिहिताना ती पार बदलून गेली होती, आणि कागदावरची बहीण अजून जुनीच होती. शेवटी तिने त्याची बॅग उचलून आत नेऊन ठेवली. बोलली काहीच नाही. ही बॅग आधी कशी सुचणार? तिच्यासोबत तेवढी पानं काढल्याशिवाय ती मला दिसलीच नसती.

टॉलस्टॉयला लिहायचं होतं १८५६ साली सैबेरियातून परतणाऱ्या एका डिसेंबरवाद्याबद्दल, म्हणजे झारविरुद्धच्या उठावापायी हद्दपार झालेल्या बंडखोराबद्दल. तो माणूस समजून घ्यायला लेखक १८२५च्या उठावाकडे गेला, तिथून नेपोलियनच्या स्वारीच्या १८१२कडे, आणि 'वॉर अँड पीस' सुरू झाली ती थेट १८०५पासून. मूळ बेत तसाच धरून ठेवला असता तर?

यावर हमखास डिकन्सचं नाव पुढे येतं. 'डॉम्बी अँड सन' १८४६मध्ये सुरू झाली तेव्हापासून तो दर महिन्याच्या भागासाठी टिपणाचा कागद करायचा, हे खरं. पण त्याचा भाग छापून वाचकाच्या हाती जायचा, मागचं काही बदलायची सोयच नव्हती. आपल्याला ती आहे. शिवाय त्या कागदाच्या डाव्या बाजूला त्याने स्वतःलाच विचारलेले प्रश्न असायचे, आणि काहींपुढे उत्तर 'अजून नाही'. म्हणजे त्याचंही सगळं ठरलेलं नसायचंच!

रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे आधी माहीत असलेलं बरं, तेवढा अपवाद मी मानते.

खरी मेहनत खर्ड्यानंतरची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आराखडा म्हणजे एक कोष्टक, त्यात प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहायची: तिथे कोण हजर आहे, कुणाला काय माहीत आहे, आधीच्या प्रसंगानंतर किती दिवस गेलेत. एवढंच. यातून काय काय बाहेर येतं! माझ्या कादंबरीतल्या बहिणीला वडिलांच्या पत्राबद्दल सुरुवातीलाच कळलेलं होतं, आणि पुढे तीच बाई ते पहिल्यांदा ऐकल्यासारखी दचकत होती. एक शेजारी दोन प्रसंगांत नुसता उभा होता, त्याला काढल्यावर कुणाचंच काही अडलं नाही. बॅगेचा प्रसंग पेलावा म्हणून पहिल्या भागात भाऊ घर सोडून जातानाचं पान नव्याने लिहावं लागलं.

तुमचा खर्डा अर्ध्यावर असेल तर हे कोष्टक आत्ताच मांडू नका. विसंगती दिसली तर समासात खूण करा आणि पुढे लिहीत राहा, शेवटचं पान होईपर्यंत.