‘गावातल्या डॉक्टरला डिमेन्शिया काय कळणार?’

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: वय झालं की विसर पडणारच, डिमेन्शियावर (स्मृती आणि बुद्धी हळूहळू ढासळण्याच्या आजारावर) औषध नाही, म्हणून तपासण्या व्यर्थ, फार तर मुंबईला नेऊन एमआरआय काढा, तोवर रोज दोन चमचे खोबरेल तेल द्या, आणि तालुक्याच्या डॉक्टर-नर्सना याचं प्रशिक्षण देणं म्हणजे पैशाची उधळपट्टी.

‘वय झालं की विसर पडणारच.’ चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, हे चालतं. जन्मभर केलेली सोलकढी जमेना, रोजच्या पाणंदीत वाट चुकली, सुटे पैसे मोजता येईनात, तर दाखवायला हवं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यात नेमका कामाचा काळ निघून जातो.

‘औषध नाही, मग तपासणी कशाला?’ अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार, बरा होत नाही, हे खरं. पण विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो. बी12 जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड आणि नैराश्य यांतही स्मृती ढासळते, आणि यांवर उपचार आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या खळ्यात घसरून डोकं आपटलं, तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठू शकतं. लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. तोवर पडल्याचं घरचेही विसरलेले असतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं. काल नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा: कारण लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, रक्तात घटलेलं सोडियम, ताप असेल तर लेप्टोसुद्धा (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतं.

शिवाय घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. सर्दीची क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, कंपावरची ट्रायहेक्सिफेनिडिल, तिन्ही म्हाताऱ्या माणसाची स्मृती आणखी मंदावतात.

‘एमआरआय काढला की कळतं.’ एमआरआय नॉर्मल आला तरी अल्झायमर असू शकतो. निदान मुख्यतः हकिगतीवरून होतं, आणि ती रोज सोबत असणाऱ्याकडून घ्यावी लागते. गणपतीपुरत्या आलेल्या चाकरमान्याला निम्मंच ठाऊक असतं.

खोबरेल तेलाने डिमेन्शिया बरा होतो, असं कोणत्याही भरवशाच्या चाचणीत दिसलेलं नाही. दोन मोठ्या चमच्यांत सुमारे 24 ग्रॅम संपृक्त चरबी जाते. फोडणीला खुशाल वापरा.

आता प्रशिक्षणाचा मुद्दा. सगळ्यात घातक तोच. एमडीनंतर तीन वर्षं डीएम न्यूरोलॉजी (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचं शिक्षण) केलेला डॉक्टर प्रत्येक तालुक्यात बसणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्सना मानसिक आणि मेंदूच्या आजारांवर उपचार करता यावेत म्हणून एमएचगॅप कार्यक्रम आणला. त्याच्या मार्गदर्शिकेत डिमेन्शिया आहे. शिकायचं काय? स्मृतीच्या 30 गुणांच्या चाचणीत वाचायला-लिहायला सांगतात, त्यामुळे शाळा न पाहिलेली आजी धडधाकट असूनही गुण गमावते; तिथे रोजच्या कामांबद्दल विचारून खातरजमा करायची. डोनेपेझिल, म्हणजे अल्झायमरची लक्षणं थोडी सावरणारी गोळी, 5 मिलिग्रॅमने सुरू करून चार-सहा आठवड्यांनी 10 करायची, पण आधी नाडी बघायची: मंद असेल तर ईसीजीशिवाय नको. आणि ज्याला अंगणात मुलं, माणसं दिसतात, चालणं अडखळतं, त्याला डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा प्रकार असू शकतो. घरचे ‘बाधा’ म्हणतात, आणि दवाखान्यात शांत करायला हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध टोचलं जातं. या रुग्णांत त्याने अंग लाकडासारखं ताठरू शकतं, जिवावरही बेतू शकतं. हे ठाऊक असलेला एक मेडिकल ऑफिसर पुरे असतो.

राहिलं घर सांभाळणं: विहिरीला जाळी आणि कुलूप, संध्याकाळी बेचैनी वाढण्याआधी दिवे, वाद न घालता विषय बदलणं. गोव्यात 81 कुटुंबांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असाच सल्ला घरी जाऊन सहा महिने दिला गेला. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. घरोघर जाणारे ते सल्लागार डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती.