डेझी गाडीत बसली नाही

आज वाचनकट्ट्यावर हेन्री जेम्सची 'डेझी मिलर' होती. मी अर्ध्यातून उठून आले. एक बाई चहाचा घोट घेत शांतपणे म्हणाल्या, "पोरीनं स्वतःच ओढवून घेतलं की हो." आणि चौघींनी माना डोलावल्या!

१८७८ ची गोष्ट. अमेरिकेतून आधी स्वित्झर्लंडला, मग रोमला आलेली मोकळीढाकळी मुलगी. एका इटालियन माणसाबरोबर उघड उघड हिंडते, एवढाच गुन्हा. म्हणे युरोपची संस्कृती तिला पेलली नाही. कसली युरोपची संस्कृती? तिला वाळीत टाकलं कोणी ते बघा ना. मिसेस वॉकर अमेरिकन. मिसेस कॉस्टेलो अमेरिकन. तिच्यात गुंतलेला तो मुळमुळीत विंटरबोर्नसुद्धा अमेरिकनच, जिनिव्हात मुरलेला. आणि हे सगळं कशासाठी, तर ही पोरगी म्हणजे आम्ही नव्हे, हे युरोपातल्या लोकांना दिसावं म्हणून!

पिंचो बागेत मिसेस वॉकर घोडागाडी थांबवते आणि डेझीला म्हणते, बस आत. तिथे मी पुस्तक मिटलं होतं. कारण २०११ मध्ये म्युनिकला माझ्यासाठीही गाडी थांबली होती. ऑफिसातल्या एका स्पॅनिश मुलाबरोबर ईझारच्या काठानं चालत होते. काच खाली झाली. आपल्या मराठी काकू. "बस गं गाडीत. लोक काय म्हणतील?" लोक! त्या अख्ख्या रस्त्यावर मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

कोलोसियममध्ये रात्री जायला नको होतं, तिथल्या हिवतापाची भीती सगळ्यांना होती, कबूल. पण हिवताप काय चारित्र्य बघून चढतो? आणि त्या तापानं ती गेल्यावर तिच्या थडग्यापाशी, ती किती निष्पाप होती, हे बोलतो कोण? तो इटालियन. परका.

जेम्सचीच 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी' घ्या, १८८१ ची. तिची नायिका इझाबेल, तिला फ्लॉरेन्सच्या जाळ्यात ओढणारा ऑस्मंड अमेरिकन, मादाम मर्ल तर ब्रुकलिनला जन्मलेली. न्यूयॉर्कमध्ये जन्मून आयुष्य इंग्लंडात काढलेल्या जेम्सला आपली माणसं बरोबर माहीत होती. (शेवटी शेवटी वाक्यं फारच लांबवायचा, ते सोडा.)

आता जरा निवले आहे, म्हणून हेही लिहिते. त्याच काकूंनी मला ताप आला तेव्हा तीन दिवस मऊभात पोचवला होता. मिसेस वॉकरलाही पोरीचं भलंच करायचं असतं. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

डेझी गाडीत बसली नाही. मी बसले. गाडीत फोडणीचा वास होता, काचेवर वाफ धरली होती. तो मुलगा हात हलवत होता की थांब म्हणत होता, ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काल तुझी आई आली होती का?"

मी हो म्हणून टाकलं.