बॉक्सवर जे छापलं नव्हतं

नवीन स्मार्टफोन घेतलेल्या माणसाला "तुम्हाला वापरता येत नाही" म्हणून गप्प बसवायची सवय २००८ ते २०१२ या काळात पडली. ती अजून सुटलेली नाही, म्हणून अँड्रॉइडच्या त्या पहिल्या पिढीबद्दल लिहितोय. त्या फोनांच्या बहुतेक तक्रारींना नेमकी कारणं होती. ती दोन ओळींत सांगता आली असती. बॉक्सवर मात्र मेगापिक्सेल ठळक छापायचे आणि माणसाचं रोज जिथे अडणार होतं ते छापायचेच नाहीत.

सगळ्यात जास्त छळलं ते मेमरीने. "आठ जीबीचं कार्ड टाकलंय, तरी जागा नाही म्हणतो!" यात माणसाचं काही चुकत नव्हतं. २०११ चा सॅमसंग गॅलेक्सी वाय घ्या. आतली मेमरी सुमारे १८० एमबी. ॲप, त्यांचा डेटा, मेसेज, कॉन्टॅक्ट, सगळं तेवढ्यातच. कार्ड मुख्यतः फोटो आणि गाण्यांसाठी. त्या काळचं अँड्रॉइड आतली जागा १० टक्क्यांवर आली की इशारा द्यायचं, म्हणजे इथे १८ एमबी रिकामे असतानाच. तो इशारा सरकवून टाकला की आधी जीमेलचं सिंक, म्हणजे नवे मेल आपोआप आणणं, थांबायचं आणि मग येणारे एसएमएस फोन घ्यायचाच नाही. मेसेज येत नाही म्हणून माणूस नेटवर्कला शिव्या घालायचा, आणि अडलेलं असायचं आतल्या मेमरीत.

अशा फोनवर पहिला उपाय ॲप काढणं हा नाही. सेटिंग्ज, ॲप्लिकेशन्स, मॅनेज ॲप्लिकेशन्स इथे जा, मेनूचं बटण दाबून यादी आकाराप्रमाणे लावा आणि फोनबरोबर आलेली ॲप बघा. मॅप्ससारखं ॲप मुळात सिस्टीमच्या वेगळ्या भागात असतं. ते अपडेट झालं की अख्खी नवी प्रत तुमच्या १८० एमबीत येऊन बसते आणि जुनी तिकडे तशीच राहते. तिथे 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबलं की एका फटक्यात बरीच जागा सुटते. त्यानंतर ब्राउझर आणि मार्केट (आताचं प्ले स्टोअर) यांची कॅश, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, साफ करा.

'मूव्ह टू एसडी कार्ड' २०१० च्या अँड्रॉइड २.२ पासून आलं, पण त्यातही मेख होती. ॲपचा मोठा भाग कार्डावर जायचा, त्याचा डेटा आणि चालवण्यासाठी तयार केलेली फाइल आतच राहायची. म्हणून १० एमबीचं ॲप हलवलं तरी १० एमबी सुटत नसत. गेम खुशाल हलवावेत. कीबोर्ड, अलार्म आणि होम स्क्रीनवरची विजेट असलेली ॲप कधीच हलवू नयेत. फोन यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून कार्ड तिकडे उघडलं की तेवढा वेळ फोनला कार्ड दिसत नाही, आणि त्यावरची ॲपही गायब. रीस्टार्ट केल्यावर विजेट उडून जातात तीही याचमुळे, कारण होम स्क्रीन आधी तयार होते आणि कार्ड नंतर वाचलं जातं. "फोन खराब आहे" असं वाटून माणूस सर्व्हिस सेंटरला खेपा घालायचा.

ॲक्सेसरीजचं दुखणं तर पहिल्या फोनपासून. अमेरिकेत २२ ऑक्टोबर २००८ ला विक्रीला आलेला टी-मोबाइल जी१, म्हणजे एचटीसी ड्रीम, हा पहिला अँड्रॉइड फोन. त्याला हेडफोनचा नेहमीचा ३.५ मिमीचा जॅकच नव्हता. चार्जिंग आणि हेडसेट दोन्हीसाठी एचटीसीचं स्वतःचं ११ पिनांचं पोर्ट. साधी मिनी यूएसबी केबल त्यात बसायची, पण घरातला चांगला हेडफोन लावायचा तर ॲडॅप्टर हवा. त्याआधी २००७ च्या आयफोनला जॅक होता, पण इतका खोलात की जाड प्लगचे कितीतरी हेडफोन आत जायचेच नाहीत. तिथेही ॲडॅप्टर विकत घ्या!

जॅक सगळीकडे आला तेव्हा आणखी एक घोळ सुरू झाला. माइक असलेल्या हेडसेटच्या पिनेवर चार भाग असतात. टोकाला डावा आवाज, मग उजवा. पुढच्या दोन भागांत अर्थ (ग्राउंड, म्हणजे विजेच्या परतीची सामाईक जोडणी) आणि माइक, पण कोण आधी यावर एकमत नव्हतं. ॲपल आणि एचटीसी अर्थ आधी ठेवायचे, नोकियाच्या त्या काळच्या बऱ्याच हेडसेटमध्ये माइक आधी. जुना हेडसेट नव्या फोनला लावला की गाण्यातलं संगीत लांबून आल्यासारखं वाजायचं आणि गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा. याचं कारण साधं आहे. अर्थ नीट न मिळाल्याने दोन्ही स्पीकर एकमेकांमधूनच जोडले जातात आणि डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते कापलं जातं. गायकाचा आवाज सहसा दोन्हींत सारखाच असतो. खात्री करायची असेल तर हेडसेटचं कॉलचं बटण दाबून धरा. गाणं लगेच नीट ऐकू आलं तर हीच अडचण आहे, कारण बटण माइक आणि अर्थ जोडून देतं. या दोन जोडण्यांची अदलाबदल करणारा छोटा कन्व्हर्टर घ्या किंवा माइक नसलेला तीन भागांचा साधा हेडफोन लावा. नवा फोन बदलून मागायची काही गरज नाही.

चार्जिंग मंद असेल तर आधी चार्जर आणि केबल बघा, बॅटरीवर जाऊ नका. या फोनांच्या यूएसबी चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यावरून फोनला समोर चार्जर आहे हे कळतं. स्वस्तातल्या चार्जरमध्ये हे नसलं की फोन समोर कॉम्प्युटर आहे असं समजून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच घेतो. मायक्रो यूएसबी पोर्ट सैल वाटलं तर आधी केबल बदला. धरून ठेवणारी स्प्रिंग मुद्दाम केबलच्या बाजूला दिलेली आहे, म्हणजे आधी झिजते ती केबल.

आपल्याकडे तेव्हा प्रीपेडवाल्यांची वेगळीच लूट होती. डेटा पॅक नसेल तर दर १० केबीला १० पैसे लागायचे, म्हणजे एमबीला सुमारे १० रुपये, आणि फोन खिशात राहून आपोआप सिंक करायचा. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मोबाइल डेटा बंद करायचं सरळ बटणच नव्हतं. लोक एपीएनड्रॉइड नावाचं ॲप वापरायचे. एपीएन म्हणजे फोनला मोबाइल नेटशी जोडणारी सेटिंग. हे ॲप तिच्या नावाला शेवटी काहीतरी चिकटवून ती मुद्दाम बिघडवायचं. डेटा बंद असतानाच ते ॲप काढून टाकलं की एपीएन बिघडलेलंच राहायचं आणि पॅक मारूनही नेट चालायचं नाही. एपीएनच्या यादीत जाऊन ते शेपूट हाताने काढावं लागे.

आणि मराठीचा प्रश्न. याबद्दल मला आजही राग आहे. अँड्रॉइड ४.० येईपर्यंत मूळ सिस्टीममध्ये देवनागरी नव्हती. काही कंपन्यांनी आपापल्या मॉडेलमध्ये ती घातली, बाकीच्यांत नुसते चौकोन. फोन रूट करून, म्हणजे सिस्टीम बदलायची पूर्ण मुभा मिळवून, फॉन्ट टाकला तर अक्षरं दिसायची, पण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी व्हायची, कारण अक्षरं जुळवणारा भागच सिस्टीममध्ये नव्हता. रूट न करता वाचायचा एकच सोपा मार्ग होता, ऑपेरा मिनी हा ब्राउझर. ॲड्रेसच्या जागी opera:config असं, पुढे www न लावता, टाइप करायचं, तळाला जाऊन 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'ला 'येस' करायचं आणि सेव्ह. मग ऑपेराचा सर्व्हर मजकुराचं चित्र करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा, मजकूर कॉपी होत नसे, पण बातमी वाचता यायची.

मेसेजला मात्र हा उपाय लागू नव्हता. देवनागरीत एसएमएस लिहिला की १६० ऐवजी ७० अक्षरं मिळतात, म्हणजे पाठवणाऱ्याला एका निरोपाचे दोन-तीन मेसेजचे पैसे, आणि ज्याला पाठवला त्याच्या नव्याकोऱ्या फोनवर चौकोनांच्या रांगा. हा फोन तुमची लिपी दाखवत नाही, एवढं एक वाक्य महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या त्या बॉक्सवर छापायला हवं होतं.