दुपारी बारापर्यंत सैल झालेल्या बांधणीबद्दल

नमस्कार ताई. तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही नीट लिहिलीत: आमच्या ‘गेले’ (योरुबा बायका समारंभात डोक्याला बांधतात तो फेटा) बांधण्याच्या क्लासचा पहिला दिवस डमी डोक्यावरच गेला, कापड स्वतःचं आणावं लागलं, मराठी मैत्रिणीला बांधून दिलेलं ‘गेले’ दुपारी बारापर्यंत सैल झालं, आणि क्लासनंतर काम काही आलं नाही. इथल्या, नायजेरियातल्या लेगॉसमधल्या, इतर मराठी मैत्रिणीही हे वाचतात, म्हणून इथेच सविस्तर लिहीत आहोत.

आधी सैल पडण्याचं. तुमच्या फोटोत चुण्यांचा वरचा पंखा छान उघडलाय, चुण्याही सारख्या आहेत. दोष त्यांच्या खाली आहे. कापडाची कड दोन-तीन इंच दुमडून भुवयांच्या वर बसवायची, कानांचा वरचा भाग झाकायचा आणि टोकं मागे नेऊन एकमेकांवरून ओढायची. ही ओढ कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, मानेलगत पडली पाहिजे. फोटोत ती उंचवट्यावरच आहे. तिथे कितीही करकचून बांधलं तरी बाई हसली, वाकली, नाचली की पट्टा वर सरकतो आणि चुण्या मोकळ्या होतात. मग आपण टाचण्या वाढवत बसतो. पण टाचणी चुणीला धरते, डोक्याला नाही.

त्यात आपल्या बायकांचे केस मऊ, बहुतेकदा तेल लावलेले. आतून जाळीची टोपी हवीच, आणि अंबाडा खाली, चपटा. उंच अंबाड्यावर पट्टा बसतच नाही. कपाळ ठणकायला लागलं तर लगेच सोडून पुन्हा बांधा. घट्टपणा मागे हवा, कपाळावर नको.

डमी डोकं कशासाठी, तर सेगोसाठी. सेगो हे गेलेचं कापड चमकदार आणि कागदासारखं कडक असतं. चुकीची घडी एकदा पडली की ती राहतेच, आणि गरम इस्त्री लावली तर चमक जाते. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तीनदा सोडून बांधलं की कापड वाया गेलं असं समजा. आसो-ओके या दुसऱ्या कापडाची गोष्ट उलट. इसेयिनसारख्या गावांत हातमागावर विणलेल्या, साधारण चार इंच रुंदीच्या पट्ट्या जोडून ते तयार होतं. जाड असल्यामुळे पकड उत्तम, पण बारीक चुण्या घालायला गेलात की कपाळावर गोळा होतो. तिथे रुंद घड्याच, आणि मोजक्या. तिसरं कापड दमास्क, ते खळ नसेल तर तासाभरात मान टाकतं. लग्नात कापड घरचे लोक ठरवतात, तुम्ही नाही. म्हणून ही तिन्ही कापडं हाताखालून गेल्याशिवाय पैसे घेऊन बांधू नये, हे आमचं ठाम मत आहे.

आता कामाचं. इथे शनिवारच्या समारंभात आसो-एबी असते, म्हणजे सगळ्या गोतावळ्याला एकच कापड. एका बोलावण्यात दहा-बारा डोकी, आणि सगळ्यांना एकाच वेळी निघायचं असतं. क्लासच्या शेवटी तुम्हाला एका डोक्याला वीस मिनिटं लागत होती. मैत्रिणीसाठी ठीक, पण कुटुंबासाठी सात-आठ मिनिटांवर यायला हवं. क्रमही पाळा: बुबा (सैल ब्लाउज) डोक्यावरून घालायची असते, म्हणून इरो (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) आणि बुबा आधी, मग मेकअप, मग कानातले, आणि गेले सगळ्यात शेवटी. मेकअप अर्धा असताना बांधलंत तर पुन्हा बांधावं लागेल. काम येतं तेही बहुधा मेकअप करणाऱ्या बायकांकडून. दोघी-तिघींशी जमवून घ्या आणि निम्मे पैसे आधी घ्या.

सोमवार ते शुक्रवार हात रिकामे राहतात. त्यासाठी ऑटो-गेले शिवायला शिका: आपल्याकडच्या तयार फेट्यासारखं, मागे आवळायला पट्टी असलेलं. ते वेळेच्या घाईशिवाय घरी बसून करता येतं. अमेरिकेत ह्यूस्टनला ‘सेगुन गेले’ या नावाने ओळखले जाणारे गेले बांधणारे कलाकार आहेत, त्यांनी या कलेवर परदेशात नाव कमावलं, तेव्हा यात पोट भरतं का ही शंका नको. पण ते भरतं वेगावर आणि पकडीवर, नुसत्या पंख्यावर नाही.

येत्या शनिवारी आमच्या शिक्षिकेबरोबर मदतनीस म्हणून या. फी नाही. मागची ओढ कुठे पडते ते खऱ्या डोक्यावर हाताने तपासता येईल. सकाळी सहाला निघतो. जाळीच्या दोन टोप्या आणि तुमचं ते चुरगळलेलं सेगो घेऊन या, टाचण्या आमच्याकडे आहेत.