पाईपातून आलं म्हणून पाणी गाळलेलं होत नाही

‘निचरा पाईपचं पाणी मातीने गाळलेलं असतं, आरओपेक्षा शुद्ध. बिनधास्त प्या. उसाला एकरी दहा पोती युरिया टाका, पाणी तुंबवून द्या, क्षार आपोआप धुऊन जातील. नीमकोटेड युरियाने पाणी खराब होत नाही.’ हा मेसेज काल माझ्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली अंगठा दाखवून. त्याच्या घरात तीन महिन्यांची लेक आहे, वरचं दूध पिणारी. म्हणून हे लिहायला बसलो. निचरा पाईप म्हणजे शेतातलं जादा पाणी बाहेर काढायला जमिनीखाली पुरलेला भोकांचा पाईप.

माती गाळते, हे खरं. गाळ अडतो, स्फुरद (फॉस्फरस) बऱ्यापैकी अडतो, अमोनियमही धरून ठेवला जातो. पण युरियाचं मातीत पुढे नायट्रेट होतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. माती त्याला धरणार कशी? पाणी जाईल तिकडे ते जातं, आणि जमिनीखालचा पाईप त्याला ओढ्यापर्यंतचा जवळचा रस्ता करून देतो. पाईपचं पाणी जमा होतं त्या चेंबरच्या तोंडाशी पांढरी खार साचलेली असते, तिथून ओढ्यापर्यंत हिरवं शेवाळ पसरलेलं असतं, तरी म्हणे शुद्ध!

इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. 1849 मध्ये तिथल्या पट्ट्यांखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या आणि पुढे त्यांतलं पाणी तपासलं. जिथे नत्र (नायट्रोजन) खत जास्त, तिथल्या नळीत नायट्रेट जास्त. पिकाच्या गरजेपर्यंत वाढ बेताची, गरज ओलांडली की झपाट्याने. तिथलं पीक आणि हवा वेगळी, पण नायट्रेट सगळीकडे तसंच वागतं.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करतं, बाळ निळं पडतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यात नायट्रेट किती ते त्याला कळत नाही. ते कळायला भूजल खात्याच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्यावा लागतो. तोवर बाळाच्या बाटलीत हे पाणी नको.

दहा पोती कुठून आली देव जाणे. सुरू उसाची, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसाची, शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, म्हणजे एकरी 100. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोची पाचेक पोती, तीही चार हप्त्यांत. डीएपी किंवा 10:26:26 अशी नत्र असलेली दुसरी खतं टाकली असतील तर त्यातलं नत्र यातून वजा. शिफारशीपर्यंत उत्पन्न वाढतं, नाकारत नाही. पुढे ऊस लोळतो, उशिरा पक्व होतो, साखरेचा उतारा घसरतो. बिल वजनावर निघतं, त्यामुळे ज्याच्या शेतात हे घडलं त्याला ते लगेच कळत नाही.

तुंबवलेल्या पाण्याने क्षार धुऊन जातात, पण खाली निचरा चालू असेल तरच. नाहीतर पाण्याची पातळी वर येते आणि क्षार घेऊनच येते. कोल्हापूर-सांगलीकडच्या शिरोळ-वाळवा तालुक्यांतल्या क्षारपड जमिनी बघा.

नीमकोटेडचं, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेल्या युरियाचं, अर्धं खरं आहे. 2015 पासून देशातल्या कारखान्यांना सगळाच युरिया तसा बनवावा लागतो आणि त्याने नायट्रेट बनण्याचा वेग मंदावतो. पण दुप्पट टाकून वर पाट सोडला, तर तेच नत्र चार दिवस उशिरा ओढ्याला लागतं.