श्रद्धा दिसली ती हरल्यावर

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला २०१९ मध्ये मिळालेलं राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद म्हणजे प्रार्थनेचं फळ, असं एका लेखात म्हटलंय. मी स्वतः ख्रिस्ती आहे, तरी हे मला पटलं नाही. समोरच्या संघातली मुलंही प्रार्थना करूनच मैदानात उतरतात ना!

माझ्या मते श्रद्धा दिसली ती आदल्या वर्षी. मार्च २०१८ मध्ये याच स्पर्धेत पहिलं मानांकन (म्हणजे सर्वात बलवान मानला गेलेला) असलेला हा संघ सोळाव्या, म्हणजे सर्वात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसी या मेरीलँडमधल्या विद्यापीठाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर अशा १३५ लढतींत पहिलं मानांकन एकदाही हरलं नव्हतं. प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी लगेच कॅमेऱ्यासमोर येऊन प्रतिस्पर्ध्यांचं मनापासून कौतुक केलं. नम्रता, उत्कटता, एकी, सेवाभाव आणि कृतज्ञता ही त्यांची पाच सूत्रं बायबलवर आधारलेली, वडिलांकडून आलेली. सगळं जग हसत असताना त्यातली नम्रता पाळणं किती अवघड गेलं असेल!

आणि या संघातला खेळाडू काइल गाय. त्या पराभवाचा फोटो या मुलाने पुसून न टाकता फोनवर लावून ठेवला. २०१९ च्या उपांत्य फेरीत ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरलेले, संघ दोन गुणांनी मागे, आणि त्याला तीन फ्री थ्रो (अडवणूक न होता करायचे, प्रत्येकी एका गुणाचे फेक) मिळाले. त्याने जर्सी ओढून चेहरा झाकून घेतला होता. पहिले दोन बास्केटमध्ये गेले. मग त्याची एकाग्रता मोडावी म्हणून ऑबर्नने मुद्दाम टाइमआउट घेतला, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवला. तिसराही आत गेला, आणि संघ ६३-६२ असा जिंकला. तो क्षण मी आजही पुन्हा पुन्हा लावून बघते.